जोडलेल्या ऊर्जा-मॉडेलांचा ताळा जमत नाही तेव्हा : को-सिम्युलेशनमधील वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडाचे निवारण

वीजजाळे, उष्णतेचे जाळे, इमारती आणि हीट पंप यांची स्वतंत्र संगणकीय मॉडेले एकमेकांना जोडून चालवणाऱ्यांपुढे, म्हणजे को-सिम्युलेशन करणाऱ्यांपुढे, एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. प्रत्येक मॉडेल एकटे चालवले की उत्तर बरोबर येते. जोडणी केल्यावर मात्र हीट पंपाच्या मॉडेलाने वापरलेली वीज आणि वीजजाळ्याच्या मॉडेलाने त्याच पंपाच्या नावावर नोंदवलेली वीज यांत वर्षअखेरीस तफावत दिसते, उष्णतेचा हिशेब त्याहून अधिक बिनसतो आणि एखाद्या वाहिनीच्या टोकावरील व्होल्टेजचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होऊ लागतो. अशा वेळी बहुतेक जण संवादाची पायरी, म्हणजे मॉडेलांनी परस्परांना मूल्ये कळवण्यामधले अंतर, १५ मिनिटांवरून १ मिनिटावर आणतात. त्याने कधी लक्षण नाहीसे होते, कधी होत नाही. आणि झाले तरी पुढच्या बदलानंतर ते परत येते, कारण लहान पायरीने नेमका कोणता दोष झाकला गेला हे कोणीच तपासलेले नसते. माझे स्पष्ट मत असे आहे की पायरी लहान करणे हा उपाय म्हणून शेवटी वापरावा, पण तपासणीचे साधन म्हणून तो सर्वांत आधी वापरावा. पायरी बदलल्यावर चूक कशी बदलते यावरूनच ती कोठून आली हे ओळखता येते.

पुढचे विवेचन एक ठरावीक मांडणी समोर ठेवून केले आहे. लघुदाब वीजजाळे पँडापॉवरमध्ये आहे. कासेल विद्यापीठ आणि फ्राउनहोफर संस्था यांनी विकसित केलेले हे पायथनमधील मुक्त साधन आहे. हीट पंप, साठवण-टाकी आणि उष्णतेचे जाळे मॉडेलिका या भौतिक मॉडेलांच्या भाषेत लिहून एफएमयू स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या साधनात चालवता येणाऱ्या बंदिस्त मॉडेल-फाइलीत, बाहेर काढलेले आहे. व्होल्टेज पाहून हीट पंपाची वीज कमीजास्त करणारा नियंत्रक पायथनमध्ये आहे, आणि या सर्वांना चालवण्याचे काम जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथील ऑफिस (OFFIS) या संशोधन-संस्थेचे मोझाइक करते. एफएमयू ज्या एफएमआय मानकानुसार बनतात त्याची पहिली आवृत्ती २०१० मध्ये, दुसरी २०१४ मध्ये आणि तिसरी २०२२ मध्ये आली; आज प्रत्यक्ष वापरात सापडणाऱ्या एफएमयू मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या आवृत्तीच्याच असतात, आणि खाली सांगितलेल्या काही मर्यादा त्यामुळेच येतात. मोझाइकऐवजी अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळांनी बनवलेले हेलिक्स वापरणाऱ्यांनाही बहुतेक सर्व लागू पडेल. जेथे फरक आहे तेथे तसे नमूद केले आहे.

आधी प्रत्येक जोडावर ऊर्जेचा हिशेब

व्होल्टेज, तापमान आणि प्रवाह यांचे आलेख कितीही पाहिले तरी दोष कोठे आहे ते कळत नाही, कारण एका जोडावरची चूक पुढच्या पायरीला सर्व मॉडेलांत पसरलेली असते. म्हणून दोन मॉडेले जेथे जेथे ऊर्जेची देवाणघेवाण करतात त्या प्रत्येक जोडावर दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात : देणाऱ्या मॉडेलाच्या मते किती ऊर्जा गेली आणि घेणाऱ्या मॉडेलाच्या मते किती आली. या नोंदी क्षणाच्या शक्तीच्या नसाव्यात, पायरीभरात साचलेल्या ऊर्जेच्या असाव्यात. मॉडेलिकातील मॉडेलात शक्तीचे संकलन करणारा एक साधा ऊर्जामापक आत बसवला की हे काम होते. पँडापॉवरच्या बाजूला भाराची शक्ती पायरीच्या लांबीने गुणली की पुरे. दोन्हींमधील फरक किलोवॅट-तासांत, पायरीगणिक आणि साचत गेलेला, असा दोन्ही प्रकारे आलेखावर घ्यावा.

यानंतर तोच एक आठवड्याचा कालखंड तीन वेळा चालवावा : १५ मिनिटांच्या पायरीने, साडेसात मिनिटांच्या आणि पावणेचार मिनिटांच्या. सर्व मॉडेलांत आणि नियंत्रकात दुसरा कोणताही बदल करू नये. साचलेला फरक तिन्ही वेळा जवळपास तेवढाच राहिला, तर दोष बहुधा एककात, चिन्हात किंवा चुकीच्या राशी जोडण्यात आहे. पायरी निम्मी केल्यावर फरकही सुमारे निम्मा होत असेल, तर मूल्य एक पायरी उशिरा पोचल्याची किंवा पायरीभर गोठवून ठेवल्याची ती चूक आहे. फरकाचा आकडा काहीही असो, पण आलेखातील हेलकाव्यांची उंची तशीच राहून त्यांचा आवर्तकाल मात्र पायरीबरोबर आक्रसत असेल, तर दोन मॉडेले एकमेकांच्या उत्तरावर अवलंबून आहेत आणि त्यांच्यात वर्तुळ तयार झाले आहे. खरा भौतिक हेलकावा, उदाहरणार्थ थर्मोस्टॅटमुळे पंप चालू-बंद होण्याचा, पायरीकडे पाहत नाही. त्याचा आवर्तकाल मिनिटांत मोजला तर तेवढाच राहतो. हा एक फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ वेळ वाचतो.

एकके आणि चिन्हे

पायरी बदलूनही फरक बदलला नाही तर येथून सुरुवात करावी. मॉडेलिकात शक्ती वॅटमध्ये, तापमान केल्विनमध्ये आणि दाब पास्कलमध्ये असतो. पँडापॉवर मेगावॅट मागते, पण त्याच्या २.० आवृत्तीपूर्वी ते किलोवॅट मागत असे, आणि त्याच आवृत्तीत जनित्रांच्या चिन्हांचा संकेतही उलटला. त्यामुळे जुन्या प्रबंधातून किंवा जुन्या संग्रहातून उचललेली जोडणी नव्या आवृत्तीवर चालवली की दोन चुका एकदम होतात. एफएमयूच्या वर्णन-फाइलमध्ये प्रत्येक राशीचे एकक लिहिण्याची सोय आहे, मात्र जोडणारे साधन ते वाचून आपोआप रूपांतर करील असे गृहीत धरू नये. हजारपटीची चूक सहसा लपत नाही, कारण ६ किलोवॅटचा पंप ६ मेगावॅटचा झाला की लघुदाब जाळ्याचे गणित अभिसरतच नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावत नाही. चारपटीची चूक मात्र लपते : १५ मिनिटांतील किलोवॅट-तास हा आकडा किलोवॅट म्हणून दिला की भार एकचतुर्थांश होतो, सर्व काही सुरळीत चालते आणि जाळे प्रत्यक्षाहून सशक्त वाटते. एनर्जीप्लससारखी इमारतींच्या ऊर्जेची साधने मापकांचे आकडे जूलमध्ये देतात, तेथेही सेकंदांनी भागताना हीच काळजी घ्यावी.

चिन्हांच्या बाबतीत प्रत्येक साधनाचा संकेत वेगळा असतो. पँडापॉवरमध्ये भाराचा वापर धन आणि स्थिर जनित्राचे उत्पादन धन असते, तर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या मॉडेलिका-संग्रहातील विद्युत भारांत वापर ऋण धरला जातो. सौर आणि भार दोन्ही एकाच बसवर, म्हणजे जाळ्यातील एकाच जोडबिंदूवर, असतील तर उलटे चिन्ह निव्वळ बेरजेत ओळखू येत नाही. म्हणून एकेक जोड सुटा करून, दुसऱ्या बाजूला ज्ञात स्थिर मूल्य देऊन, तपासावा.

सरासरीचा गुणाकार आणि पायरीच्या आतले जग

उष्णतेचा हिशेब विजेच्या हिशेबाहून अधिक का बिनसतो, याचे उत्तर येथे आहे. विजेच्या जोडावर एकच संख्या जाते. उष्णतेच्या जोडावर पाण्याचा प्रवाह आणि तापमान अशा दोन संख्या जातात आणि उष्णता त्यांच्या गुणाकारातून निघते. समजा, पंप पायरीच्या पहिल्या अर्ध्यात चालू आहे : प्रवाह सेकंदाला १ किलोग्रॅम, जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ८४ किलोवॅट. दुसऱ्या अर्ध्यात प्रवाहही शून्य आणि फरकही शून्य. पायरीभराची खरी सरासरी ४२ किलोवॅट आहे. परंतु प्रवाहाची सरासरी ०.५ आणि तापमान-फरकाची सरासरी १० अंश अशा दोन संख्या पलीकडे पाठवल्या, तर घेणारे मॉडेल २१ किलोवॅटच मोजते. निम्मी उष्णता जोडावर नाहीशी झाली, आणि दोन्ही मॉडेले आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत. ही चूक पायरी थोडी लहान केल्याने जात नाही. पंपाच्या चालू-बंद चक्रापेक्षा पायरी बरीच लहान होईपर्यंत ती टिकते, आणि म्हणून ती पुष्कळदा एककाची चूक समजली जाते.

सरासरी न घेता पायरीच्या टोकावरचे क्षणाचे मूल्य पाठवले तर दुसरा धोका येतो. पंपाचे चक्र योगायोगाने १५ मिनिटांच्या आसपासचे असेल आणि संवादही १५ मिनिटांनी होत असेल, तर प्रत्येक वेळी चक्राचा तोच टप्पा सापडतो आणि वीजजाळ्याला तो पंप तासन्‌तास अखंड चालू किंवा अखंड बंद दिसतो.

दोन्हींवर उपाय एकच : जोडावरून ऊर्जा पाठवावी. आत बसवलेल्या ऊर्जामापकाच्या दोन लागोपाठच्या वाचनांतील फरक पायरीच्या लांबीने भागला की अचूक सरासरी शक्ती मिळते. ती पलीकडे एक पायरी उशिरा पोचली तरी एकूण ऊर्जा राखली जाते, फक्त शेवटच्या पायरीची तेवढी बाकी राहते. उष्णतेसाठी प्रवाह आणि शक्ती ही जोडी द्यावी आणि तापमान घेणाऱ्या मॉडेलाला काढू द्यावे. भारतातील वीजजाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही रीत आणखी एका कारणाने सोयीची आहे : आपल्याकडे वेळापत्रक आणि विचलनाचा हिशेब १५ मिनिटांच्या खंडांवर, म्हणजे दिवसाच्या ९६ खंडांवर चालतो, आणि तेथेही खंडातील ऊर्जाच मोजली जाते.

वर्तुळ आणि त्यातून येणारे हेलकावे

सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा उपचार होणारा दोष हा आहे. नियंत्रकाला व्होल्टेज हवे असते, व्होल्टेजला पंपाची वीज हवी असते आणि पंपाची वीज नियंत्रक ठरवतो. असे वर्तुळ मोझाइक थेट स्वीकारत नाही. एखाद्या जोडाला कालविलंबित म्हणून घोषित करून त्याला आरंभीचे मूल्य द्यावे लागते, किंवा ३.० आवृत्तीपासून एकाच क्षणी अनेक फेऱ्या घेण्याची सोय वापरावी लागते. त्रुटीचा संदेश आला की घाईत जो जोड हाताशी असेल त्यालाच विलंब लावला जातो आणि तो विसरला जातो. प्रत्यक्षात विलंब कोणत्या जोडाला लावला यावर निकाल अवलंबून असतो.

समजा, नियंत्रकाचा नियम असा आहे की व्होल्टेज ०.९५ पर युनिटखाली, म्हणजे नाममात्र मूल्याच्या ०.९५ पटीखाली, गेले की पंप निम्म्या शक्तीवर आणावा, नाहीतर पूर्ण शक्तीवर ठेवावा. पूर्ण शक्तीवर व्होल्टेज ०.९४ होते, निम्म्या शक्तीवर ०.९७. व्होल्टेज एक पायरी उशिरा कळत असेल तर पंप एका पायरीला पूर्ण आणि पुढच्या पायरीला निम्मा चालत राहील. पायरी १५ मिनिटांची असेल तर अर्ध्या तासाचे आवर्तन दिसेल, १ मिनिटाची असेल तर २ मिनिटांचे. लहान पायरीचे आकडे पुढे तासाच्या सरासरीत मांडले तर हेलकावा दिसेनासा होतो आणि प्रश्न सुटला असा समज होतो, जरी पंप दर मिनिटाला उड्या मारत असला तरी.

येथे एकाच क्षणी फेऱ्या घेण्याची सोय वापरून पाहण्याचा मोह होतो, पण या नियमाला मुळात सुसंगत उत्तरच नाही. पूर्ण शक्ती धरली तर नियम निम्मी करायला सांगतो, निम्मी धरली तर पूर्ण करायला सांगतो. फेऱ्या कितीही घेतल्या तरी मोझाइक कमाल मर्यादेपर्यंत, जी मुळात १०० आहे, पोचून थांबेल, आणि ती मर्यादा वाढवून काही साधणार नाही. दोष गणनयंत्रणेत नसून नियंत्रकाच्या मॉडेलात आहे. खऱ्या उपकरणात मृतपट्टा, म्हणजे ज्यात नियंत्रक काहीच बदलत नाही असा पट्टा, असतो आणि काँप्रेसरला किमान चालू-वेळ आणि किमान बंद-वेळ पाळावी लागते; ते मॉडेलात आणावे. ०.९५ खाली निम्मी आणि ०.९८ च्या वर गेल्यावरच पुन्हा पूर्ण, असा नियम केला की ०.९७ ला पंप निम्म्यावरच स्थिर राहतो आणि उत्तर पायरीवर अवलंबून राहत नाही.

नियंत्रक सलग उताराचा असेल, म्हणजे व्होल्टेज जितके खाली तितकी शक्ती प्रमाणात कमी, तर सुसंगत उत्तर असते; पण सरळ फेऱ्यांनी ते सापडेलच असे नाही. वर्तुळ एकदा फिरून येताना लहानसा बदल उलट्या दिशेने किती पट होऊन परततो, तो वर्धनांक १ पेक्षा मोठा असेल तर प्रत्येक फेरीगणिक चूक वाढते. अशा वेळी नव्या उत्तराचा काही अंशच स्वीकारावा. वर्धनांक ३ असेल तर हा अंश ०.५ पेक्षा कमी असला पाहिजे, आणि रेषीय वर्तुळासाठी ०.२५ हा उत्तम ठरतो. सामान्य सूत्र असे की २ ला वर्धनांक अधिक १ ने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा तो लहान हवा. वर्धनांक अंदाजाने ठरवू नये : पँडापॉवरला पंपाची शक्ती ५ टक्के वाढवून एकदा चालवावे, व्होल्टेज किती ढळले ते पाहावे, त्याला शक्तीच्या वाढीने भागावे आणि नियंत्रकाच्या उताराने गुणावे. एवढ्याने तो मिळतो.

विलंब अपरिहार्यच असेल, तर तो निसर्गतः संथ असलेल्या राशीवर लावावा. १००० लिटरच्या टाकीला एक अंश तापायला सुमारे १.१६ किलोवॅट-तास लागतात. ६ किलोवॅट उष्णता देणारा पंप १५ मिनिटांत तिचे तापमान जेमतेम १.३ अंशांनी बदलतो. टाकीचे तापमान एक पायरी उशिरा कळले तर होणारी चूक एवढीच. व्होल्टेज मात्र भाराबरोबर त्याच क्षणी बदलते. म्हणून नियंत्रक आणि वीजजाळे यांचे वर्तुळ एकाच क्षणातील फेऱ्यांनी सोडवावे आणि टाकीकडून येणाऱ्या तापमानाला विलंब द्यावा. या रचनेचा आणखी एक लाभ असा की फेऱ्यांमध्ये फक्त अवस्थाहीन, म्हणजे मागचे काही लक्षात न ठेवणारी, मॉडेले येतात. एफएमयूला त्याच क्षणी पुन्हा चालवायचे तर तिची अवस्था साठवून मागे नेता आली पाहिजे, आणि एफएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ही क्षमता ऐच्छिक आहे. वर्णन-फाइल उघडून ती आहे की नाही हे पाहिल्याशिवाय एफएमयूला फेऱ्यांत ओढू नये.

आतला सोल्व्हर

मोठ्या पायरीला तापमाने अनंताकडे धावतात आणि एका मर्यादेखाली अचानक सर्व ठीक होते, असे असेल तर जोडणीकडे पाहण्याआधी एफएमयूच्या पोटात कोणता सोल्व्हर, म्हणजे समीकरणे पायरीपायरीने सोडवणारी पद्धत, आहे ते पाहावे. ओपनमॉडेलिकातून काढलेल्या को-सिम्युलेशन एफएमयूत वेगळे सांगितले नाही तर साधी ऑयलर पद्धत येते. ही पद्धत सर्वांत जलद घटकाच्या कालांकाच्या (तो किती वेगाने बदलतो त्याच्या वेळेतील मापाच्या) दुपटीपर्यंतच स्थिर राहते. उष्णता-विनिमयकाचा कालांक ३० सेकंदांचा असेल तर ६० सेकंदांपलीकडे ती कोसळते. बाहेर काढतानाच सीव्होड हा बदलत्या पायरीचा सोल्व्हर निवडावा, म्हणजे एफएमयू आपली आतली पायरी स्वतः ठरवील आणि संवादाची पायरी १५ मिनिटांचीही ठेवता येईल.

ताळ्याला न दिसणाऱ्या चुका

काही चुकांत प्रत्येक जोडावरचा हिशेब तंतोतंत जुळतो, तरी निकाल चुकतो. त्यांतली मुख्य वेळेची आहे. एनर्जीप्लसच्या ईपीडब्ल्यू हवामान-फाइलमधील सौर प्रारणाची संख्या त्या तासाच्या शेवटापर्यंत साचलेली असते, आणि अनेक युरोपीय स्रोत वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतात. आपली प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे असल्याने तासागणिक आलेली मालिका पूर्ण तास सरकवून कधीच बसत नाही. अर्ध्या तासाचे अंतर्वेशन करावेच लागते. तपासणी सोपी आहे. निरभ्र दिवशी सौर उत्पादनाचा माथा पुण्यात वर्षभराच्या सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास आणि नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास यावा. ऋतुमानाप्रमाणे त्यात पाव तासापर्यंत फरक पडतो. पुण्यात माथा १२ वाजताच येत असेल किंवा दीडच्या पुढे जात असेल, तर मालिका सरकलेली आहे.

दुसरी चूक जाळ्याच्या आकड्यांची आहे. पँडापॉवरसोबत येणारी वितरण रोहित्रे २०/०.४ किंवा १०/०.४ किलोव्होल्टची, म्हणजे युरोपीय पद्धतीची आहेत. महाराष्ट्रातील वितरण रोहित्र सहसा ११ किलोव्होल्ट/४३३ व्होल्टचे असते. ४०० व्होल्ट पाया धरला तर भाराविना दुय्यम बाजूला १.०८ पर युनिट दिसते. तयार रोहित्र तसेच वापरले तर नियंत्रकाच्या सर्व मर्यादा चुकीच्या जागी ओलांडल्या जातात, आणि वर वर्णन केलेले हेलकावे जेथे यायला नकोत तेथे येतात.

हेलिक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मागितलेली वेळ आणि मिळालेली वेळ एकच असते असे धरून आज्ञावली लिहिली, तर मध्येच एखादे मूल्य आल्यावर हेलिक्स आधीची वेळ देते, आणि मॉडेल १५ मिनिटांची ऊर्जा ३ मिनिटांतच मोजून टाकते. मिळालेल्या वेळेवरच हिशेब करावा किंवा त्या घटकाला मध्ये न थांबवण्याचा गुणधर्म लावावा. आरंभीची मूल्येही एकदा तपासावीत : व्होल्टेजचे आरंभीचे मूल्य शून्य राहिले तर पहिल्याच पायरीला संरक्षण-तर्क पंप तोडतो, आणि टाकी गार पडल्याने पुढचा संपूर्ण दिवस बिघडलेला दिसतो.

एफएमयू बाहेरून मिळालेली, बंद आणि अवस्था मागे न नेता येणारी असेल, तर वरचे सर्व उपाय लागू करता येत नाहीत. अशा वेळी तिच्याशी घट्ट बांधलेला नियंत्रक पुरवठादाराकडून तिच्याच आत घालून घेण्याची मागणी करावी. एकाच मॉडेलाच्या आत आलेले वर्तुळ सोल्व्हर स्वतः सोडवतो आणि जोडावरून फक्त संथ राशी जातात. तेही शक्य नसेल तर ऊर्जामापक बाहेर बसवून, सर्वांत लहान परवडणाऱ्या पायरीने चालवावे आणि प्रत्येक निकालाच्या शेजारी त्या जोडावरचा साचलेला फरक किलोवॅट-तासांत छापावा, म्हणजे निकाल वाचणाऱ्याला रोहित्राची क्षमता ठरवताना किती अंतर राखून ठेवायचे ते कळेल.